परवाना माणसाचा, पास गाडीचा

वाचक विचारतात

वसंत सुरू झाला की सिएटल परिसरातल्या वाचकांची पत्रं तळी, ट्रेल आणि दंडाच्या पावत्यांकडे वळतात. या वेळचे सगळे प्रश्न वॉशिंग्टन राज्यातले आहेत. शेजारच्या ऑरेगनचे नियम वेगळे आहेत, तेव्हा उत्तरं तिकडे लावू नयेत.

प्रश्न : आमच्या घरात मासेमारीचा परवाना, डिस्कव्हर पास (राज्याच्या जागांवर गाडी उभी करण्यासाठीचा), राष्ट्रीय उद्यानांचा पास आणि खेकड्यांचं कार्ड (पकडलेल्या खेकड्यांची नोंद करायचं) आहे. ऐन वेळी त्यातलं एक तरी संपलेलं निघतं. फेब्रुवारीत घेतलेला वार्षिक परवाना मार्चअखेर संपला, हे तर अजिबात कळलं नाही. सगळ्याचा हिशोब ठेवायचा कसा? (बॉथेल)

उत्तर : ‘वार्षिक’ या शब्दावर विसंबलात, तिथेच घोळ झाला. या चारही कागदांची वर्षं वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात.

मासेमारीच्या परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं ठरलेलं आहे. कधीही घ्या, तो ३१ मार्चलाच संपतो. २० फेब्रुवारीला पूर्ण पैसे भरून घेतलेला परवाना जेमतेम सव्वा महिना चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्याच दिवशी जायचं असेल तर एक ते तीन दिवसांचा तात्पुरता परवाना घ्यावा आणि वार्षिक परवाना एप्रिलमध्ये.

डिस्कव्हर पासचं वर्ष तुमच्या हातात असतं. पास कोणत्या तारखेपासून सुरू व्हावा हे खरेदीच्या वेळी निवडता येतं आणि तिथून तो एक वर्ष चालतो. डिसेंबरात कोणी भेट म्हणून दिला, पण तुमची भटकंती मे महिन्यात सुरू होणार असेल, तर तारीख मेची टाकायला सांगा. १ ऑक्टोबर २०२५ पासून हा पास ३० ऐवजी ४५ डॉलरला झाला आहे, त्यामुळे वाया गेलेले महिने आता जास्त टोचतात.

राष्ट्रीय उद्यानांचा ‘अमेरिका द ब्युटिफुल’ पास पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या अखेरीस संपतो. १ जूनला घेतला काय किंवा ३० जूनला, संपणार पुढच्या वर्षी ३० जूनला. म्हणून महिना संपत आलेला असेल आणि घाई नसेल, तर दोन-चार दिवस थांबून पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला घेणं फायद्याचं. चौथा कागद, म्हणजे खेकड्यांचं कार्ड. त्याची तऱ्हाच न्यारी, त्यावर शेवटी लिहिलं आहे.

नोंदीसाठी वेगळं अॅप लागत नाही. वहीचं एक पान किंवा एक स्प्रेडशीट पुरते. रकाने असे आखा : कागदाचं नाव, तो कोणाचा (माणूस की गाडी), क्रमांक, सुरू झाल्याची तारीख, संपण्याची तारीख, अहवाल द्यायचा असल्यास त्याची तारीख, आणि कागद ठेवला कुठे आहे. क्रमांकाच्या रकान्यात माणसाच्या परवान्यासाठी मत्स्य व वन्यजीव खात्याचा ‘वाइल्ड आयडी’ लिहा, गाडीच्या पाससाठी नंबर प्लेट. वाइल्ड आयडी दर वर्षी बदलत नाही. नूतनीकरणाच्या वेळी तो हाताशी असला की त्याच माणसाच्या नावावर दुसरं खातं उघडलं जात नाही. पुढे जुन्या नोंदी शोधताना दोन खाती फार त्रास देतात.

सगळ्यात जास्त विसरला जाणारा रकाना शेवटचा. परवाना मासे धरणाऱ्याच्या अंगावर हवा आणि पास गाडीच्या काचेआड. दोन्ही एकाच पाकिटात ठेवले की एक हटकून चुकीच्या जागी असतो.

फोनमधली आठवण संपण्याच्या तारखेला लावू नका, दहा दिवस आधीची लावा. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पण तो फक्त नोंदीसाठी. पासचा फोटो फोनमध्ये असून उपयोग नाही, कारण गाडी तपासणारा येतो तेव्हा फोन तुमच्याबरोबर डोंगरावर असतो. थर्मल कागदावर छापलेली पावती किंवा दिवसाचा पास डॅशबोर्डवर उन्हात राहिला तर अक्षरं वाचता येत नाहीत. असा कागद गरम लॅमिनेशनमध्ये घातला तर पुरता काळा होतो, त्यापेक्षा झिपची पिशवी बरी.

प्रश्न : मासेमारीच्या वार्षिक परवान्याबरोबर गाडीचा एक पास फुकट मिळाला. बीव्हर लेकला तो चालला. तोच लावून माउंट सायच्या पायथ्याशी गाडी उभी केली, तर ९९ डॉलरचा दंड लागला. दोन्ही जागा राज्याच्याच आहेत ना? (समामिश)

उत्तर : राज्याच्याच, पण खाती वेगळी. फुकट मिळालेला ‘व्हेइकल अॅक्सेस पास’ फक्त मत्स्य व वन्यजीव खात्याच्या जमिनीवर चालतो. बीव्हर लेकचा गाडीतळ त्या खात्याचा आहे, माउंट साय नैसर्गिक संसाधन खात्याचा, म्हणजे ज्याला सगळे डीएनआर म्हणतात त्याचा. डिस्कव्हर पास या दोन्ही खात्यांच्या जागी आणि शिवाय राज्य उद्यानांतही चालतो. फुकट पास वार्षिक परवान्यावरच मिळतो, एक-दोन दिवसांच्या परवान्यावर नाही, आणि परवान्याबरोबर ३१ मार्चला तोही संपतो.

सिएटलहून आय-९० महामार्गावरून पूर्वेला निघालात की अर्ध्या-पाऊण तासाच्या टप्प्यात जमिनीचा मालक तीन-चारदा बदलतो. लेक समामिश राज्य उद्यान आणि माउंट साय इथे डिस्कव्हर पास. रॅटलस्नेक लेजला कुठलाच पास नाही. पुढे घाटात स्नो लेकला जमीन राष्ट्रीय वनांची, म्हणजे केंद्र सरकारची. तिथे ३० डॉलरचा वार्षिक ‘नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास’ किंवा ‘अमेरिका द ब्युटिफुल’. दुसरा असेल तर पहिला घेण्याची गरजच नाही, तरी अनेक घरांत दोन्ही सापडतात! हिवाळ्यात त्याच घाटात ‘स्नो-पार्क’ अशी पाटी असलेल्या तळांना त्यांचं स्वतंत्र परमिट लागतं. तेव्हा निघण्याआधी ट्रेलचं नाव शोधून थांबू नका, जमीन कोणाची ते बघा. तळावरच्या पाटीवर खात्याचं चिन्ह असतं. आपल्या वहीत प्रत्येक पासासमोर ‘चालतो’ आणि ‘चालत नाही’ अशा दोन-दोन जागा लिहून ठेवल्या तरी पुरे.

दंडाचं म्हणाल, तर पावती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत डिस्कव्हर पास खरेदी केल्याचा पुरावा न्यायालयाला दिला की ९९ चे ५९ होतात. पावती कपाटात गेली की ही मुदत पहिली निघून जाते, म्हणून ती हातात पडली त्याच दिवशी वहीत चढवा.

प्रश्न : एका डिस्कव्हर पासवर घरातल्या तीन गाड्या चालतील का? (रेडमंड)

उत्तर : नाही. पासवर दोन नंबर प्लेट लिहिता येतात आणि तो एका वेळी एकाच गाडीत असू शकतो. प्लेट लिहिलीच नाही तर पास असूनही दंड लागू शकतो. कायम शाईच्या पेनाने लिहा आणि तो भाग काचेतून बाहेर दिसेल असा अडकवा. तिसरी गाडी वर्षातून एक-दोनदाच निघत असेल, तर १० डॉलरचा दिवसाचा पास पुरतो. त्याहून स्वस्त उपाय सार्वजनिक ग्रंथालयात आहे. ‘चेक आउट वॉशिंग्टन’ उपक्रमात अनेक शाखा डिस्कव्हर पास पुस्तकासारखा घरी देतात. मात्र उन्हाळ्यात रांग असते, आधी नाव लावून ठेवा.

प्रश्न : आई-बाबा एप्रिलअखेर साताऱ्याहून येत आहेत. बाबांना गळ टाकून बसायची फार हौस. त्यांच्यासाठी काय काय घ्यावं? मुलगा बारा वर्षांचा आहे. (कर्कलंड)

उत्तर : पास गाडीचा असतो, तेव्हा तुमच्या गाडीत डिस्कव्हर पास असला की राज्य उद्यानासाठी आई-बाबांना वेगळं काही नको. परवाना माणसाचा. वय १५ किंवा जास्त असलेल्या प्रत्येकाला आपापला लागतो. ‘गळ माझा, बाबा नुसते धरून बसलेत’ हे चालत नाही. मुलाला परवाना नको, मात्र सामन किंवा खेकड्यासारख्या ज्या जातींची नोंद ठेवावी लागते, त्यांच्यासाठी कार्ड त्यालाही लागतं. साताऱ्याकडे धरणात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेचा असतो आणि बोलणं तिच्याशी होतं. इथे गाठ थेट राज्याशी.

बाबांसाठी तात्पुरता परवाना सोयीचा, पण एप्रिलअखेर म्हणालात म्हणून सावध करतो. सखल भागातल्या तळ्यांचा हंगाम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो आणि त्या दिवसापासून सलग आठ दिवस तात्पुरता परवाना ट्राउटसारख्या गोड्या पाण्यातल्या ‘गेम फिश’साठी चालत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात लोक तो घेऊन तळ्यावर पोहोचतात. आठ दिवस सरू द्या, नाहीतर बाबांसाठी अनिवासी वार्षिक परवाना घ्या. (राज्यात सलग ९० दिवस राहिल्याशिवाय निवासी दर मिळत नाही. भारतातून नुकत्याच बदली होऊन आलेल्यांनाही हेच लागू.) मुक्काम जूनपर्यंत असेल तर सगळ्यात उत्तम : जूनच्या पहिल्या सोमवारनंतरचा शनिवार-रविवार परवान्याविना मासेमारीचा असतो. मापाचे, संख्येचे आणि कार्डाचे नियम तेव्हाही लागू राहतात.

राष्ट्रीय उद्यानांचं गणित १ जानेवारी २०२६ पासून बदललं आहे. ८० डॉलरचा वार्षिक पास आता अमेरिकेतल्या रहिवाशांसाठीच आहे, बाहेरून आलेल्यांसाठी तो २५० डॉलरचा. ज्या ११ उद्यानांत परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा लावले आहेत, त्यांत यलोस्टोन आणि ग्लेशियर येतात, आपल्याकडची माउंट रेनियर आणि ऑलिम्पिक येत नाहीत. पास तुमच्या नावाने घ्या आणि फोटोचं ओळखपत्र जवळ ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यात खेकड्यांचं कार्ड घेतलं, पण जायला जमलंच नाही. कोरं कार्ड कशाला कळवायचं? (एव्हरेट)

उत्तर : कोरं असलं तरी कळवावंच लागतं. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटललगतच्या समुद्राच्या खाडीत, किती डंजनेस जातीचे खेकडे निघाले याचा अंदाज खातं या कार्डांवरून बांधतं आणि शून्य हाही त्यातला आकडा आहे. उन्हाळी कार्डाची मुदत १ ऑक्टोबर, हिवाळी कार्डाची १ फेब्रुवारी. चुकवली तर पुढचा परवाना घेताना १० डॉलर जादा द्यावे लागतात. सामन, स्टीलहेड, स्टर्जन आणि हॅलिबट या माशांच्या नोंदी ३० एप्रिलपर्यंत द्यायच्या असतात, म्हणजे परवाना संपल्यावरही महिनाभर ते कार्ड टाकून द्यायचं नाही. नवीन परवाना आला की जुना गठ्ठा कचऱ्यात जातो आणि त्यातच न कळवलेलं कार्डही जातं.

खेकडे मिळालेच, तर नोंद जागेवर शाईने करायची : खेकडा ठेवला की लगेच, पिंजरा पुन्हा पाण्यात सोडण्याआधी. धक्क्यावर परतल्यावर लिहू म्हटलं आणि मध्येच तपासणी झाली, तर सगळे खेकडे मापाचे असूनही तो नियमभंगच. बोटीत पेन्सिल नको, पेन दोन ठेवा. ओल्या बोटांनी एक हमखास पाण्यात पडतं.