जोडून आलेली सुट्टी, वडखळचा रस्ता आणि पाणी प्यायला घाबरणारी आई

तुम्ही विचारलंय की शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली म्हणून काढलेली सहल कधी पार फसली का, आणि नेमकं काय बिघडलं. फसली. पण कारण नुसती वाहतूक कोंडी नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2023 चा गुड फ्रायडे, 7 एप्रिल. डोंबिवलीहून आई-बाबा, नवरा, मुलगी आणि मी अलिबागला निघालो. बाबांना अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला नातीला दाखवायचा होता. ते मूळचे रेवदंड्याकडचे, त्यामुळे भरती-ओहोटीचा हिशोब त्यांना तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. गुरुवारी हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा होती. शनिवारी द्वितीया, दोनची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तेव्हा किल्ल्यात चालत जायचं, आतल्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, खाऱ्या समुद्रात असूनही गोडं पाणी असलेली विहीर बघायची आणि ऊन चढायच्या आत परत, असं ठरलं होतं.

पेणपर्यंत काहीच त्रास झाला नाही. वडखळच्या अलीकडे गाड्या थांबल्या. गोव्याची आणि अलिबागची वाट इथे फुटते आणि अलिबागचा रस्ता एकदम अरुंद होतो. त्यात रांग मोडून उजवीकडून पुढे घुसणारे. समोरून एसटी आली की तिला जागा नाही, मग दोन्हीकडचं सगळंच ठप्प. धरमतरच्या पुलाच्या आसपास दोन्ही बाजूंना खाडी आणि उघडी खाजणं आहेत. आडोशाला झाड म्हणून नाही.

पुरुष गाडीतून उतरत होते, कडेला पाठ करून उभे राहत होते आणि परत येऊन बसत होते. आईने मात्र पनवेल सोडल्यापासून पाणी पिणंच बंद केलं होतं. एप्रिलचं ऊन, गाडी उभी असल्याने एसी धड चालेना, आणि ती बाटलीच्या झाकणात घोटभर पाणी ओतून नुसते ओठ ओले करत होती. मी पी म्हटलं तर म्हणाली, "मग जायचं कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजूबाजूच्या गाड्यांमधल्या बायकांचं हेच चाललेलं दिसत होतं. एक गरोदर बाई दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

कार्लेखिंडीच्या अलीकडे रस्त्यालगत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बायका बसल्या होत्या. तिथे मी उतरले आणि एकीला सरळ विचारलं. तिने हातातली माळ खाली ठेवली आणि आईला म्हणाली, "आजी, लाजू नका, घर हे मागंच आहे." आई गेली, मुलगी गेली, मीही गेले. मागच्या गाडीतल्या दोघी अनोळखी बायकाही आमच्यामागोमाग आल्या. त्या माउलीने सगळ्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, वर आईला बसवून माठातलं पाणी पाजलं. पैसे घ्यायला तयारच नव्हती, म्हणून कांद्याच्या माळा घेतल्या.

उतरायच्या ठिकाणी आगाऊ पैसे भरलेली खोली दुसऱ्यांना देऊन टाकली होती. आम्हाला मागच्या अंगाची, बिनखिडकीची मिळाली. भांडले, पण गावात त्या दिवशी दुसरी खोलीच नव्हती. याचा राग आहे, पण तो एवढाच.

रात्री आईला थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ. शनिवारी सकाळी, ओहोटीच्या वेळेला, आम्ही डॉक्टर शोधत होतो. सुट्टीमुळे दोन दवाखाने बंद निघाले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "प्रवासात पाणी किती प्यायलं आणि लघवी किती वेळ धरून ठेवली?" त्यांच्याकडे त्या आठवड्यात अशाच तक्रारीच्या बायका आल्या होत्या. बाबांनी किल्ला किनाऱ्यावरून पाहिला. आत दोन तोफा आहेत, गाड्यावर चढवलेल्या, एवढं मुलीला तोंडी सांगितलं आणि रविवारी उजाडायच्या आत आम्ही परत निघालो.

मला चीड येते ती याची, की हे अचानक घडत नाही. सरकारी सुट्ट्यांची यादी आधीच्या वर्षीच जाहीर होते. वडखळला, बोरघाटात, पसरणी घाटात गाड्या कधी तुंबणार हे कॅलेंडर बघून कुणीही सांगेल. आषाढी वारीत पालखीच्या मुक्कामी फिरती शौचालयं उभी करता येतात, तर वर्षातल्या मोजक्या सुट्ट्यांना या रस्त्यांवर का नाही? कोंडीत पोलीस असतात, ते बिचारे उन्हात उभे राहून राबतात. पण बाईमाणसाने जायचं कुठे, हा विचार त्या बंदोबस्तात कुणी केलेलाच नसतो.

तुम्ही घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन निघणार असाल तर पेणच्या एसटी स्टँडवर थांबून घ्या, गरज वाटत नसली तरी. मुंबईतून जाणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. गाडीसकट जाता येतं, तासाभरात पोहोचते आणि वडखळ पूर्ण टळतं. सुट्टीची तिकिटं लवकर संपतात, तेवढं आधी बघा. आणि आईला, सासूला पाणी प्यायला लावा. त्या नको म्हणाल्या तर का नको म्हणताहेत ते विचारा.