यूकेत डॉक्टरला पेशंटसाठी वेळ मिळतो का?

तू विचारलंस, एमडी मेडिसिन संपत आलंय, पुढे यूकेला यायचंय. तिथे खरंच आठवड्याला ४८ तासच काम असतं का आणि पेशंटशी नीट बोलता येतं का. मी सहा वर्षं इंग्लंडमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनमध्ये आहे, त्यावरून सांगते.

४८ ही सरासरी आहे. २०१६ च्या नोकरीच्या करारानुसार इथल्या रेसिडेंटला (शिकत शिकत काम करणाऱ्या डॉक्टरला) सलग ७ दिवसांत ७२ तासांपर्यंत कामाला लावता येतं, पण एक शिफ्ट १३ तासांच्या वर नाही. लाँग डे (दिवसभराची लांब शिफ्ट) आणि नाइट्सच्या आठवड्यात जीव मेटाकुटीला येतोच. तरी इमर्जन्सीचा दिवस, मग रात्र, मग सकाळी राउंड आणि ओपीडी, असे आपल्यासारखे ३६ तास कुणी उभं करत नाही. आपल्याकडेही १९९२ पासून कागदावर दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासच आहेत, हे मला रेसिडेन्सीत असताना माहीतही नव्हतं! इथे जास्त थांबावं लागलं तर ‘एक्सेप्शन रिपोर्ट’ भरायचा, त्याचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळते. पहिल्या वर्षी मी तो भरायला गेले, तर एक सिनियर म्हणाले, तुझाच वेग कमी पडत असेल. मी गप्प बसले. तू बसू नकोस.

वाचलेले तास मात्र सगळे पेशंटच्या वाट्याला येत नाहीत. जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) साधारण १० मिनिटांची अपॉइंटमेंट. वॉर्डात डिस्चार्ज समरी, स्कॅनसाठी फोनाफोनी, राउंडला चाकाच्या ट्रॉलीवरचा कम्प्युटर ढकलत टायपिंग. दिवसाचा मोठा भाग स्क्रीनसमोरच जातो.

पण एक प्रसंग सांगते. माझ्या पहिल्याच महिन्यात आमच्या कन्सल्टंटबाईंना (युनिटच्या मुख्य डॉक्टरांना) एका ऐंशी ओलांडलेल्या आजींना कॅन्सरचं सांगायचं होतं. त्यांनी माझा ब्लीप (पेजर) नर्सकडे ठेवायला लावला, पडदा ओढला, खुर्ची पलंगाला लावून बसल्या आणि आधी विचारलं, “तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलंय?” आजी थोडं बोलल्या. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. बाईंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. पंचवीस मिनिटं गेली. बाहेर आल्यावर ते सगळं बोलणं त्यांनी मला नोट्समध्ये लिहायला लावलं, एखादी प्रोसिजर लिहावी तसं. मला आपली ओपीडी आठवली. टेबलाभोवती गर्दी, आणि त्यात उभ्या असलेल्या मुलाला मी त्याच्या वडिलांचा तसलाच रिपोर्ट सांगून पुढचा केसपेपर ओढला होता. तो “मॅडम, म्हणजे काय?” म्हणत होता. ते अजून मनातून जात नाही.

हातात ऑफर असल्याशिवाय भारतातलं काही सोडू नकोस. प्लॅब (परदेशी डॉक्टरांना इथल्या नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा) किंवा एमआरसीपी (मेडिसिनमधली ब्रिटिश परीक्षा) झाली की नोकरी लागली, असं आता राहिलेलं नाही. ऑफर आली की सही करण्याआधी रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) मागून घे, आणि त्या हॉस्पिटलातल्या एखाद्या रेसिडेंटला गाठून विचार की रात्री एका डॉक्टरकडे किती वॉर्ड असतात. पेशंटजवळ बसायला मिळेल की नुसतं धावायचं, ते त्या आकड्यावरून कळतं.