घोड्यावरून सोन-कुल : अनुभव नसताना जमेल का, आणि त्याला ट्रेक म्हणावे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. घोडेस्वारीचा काहीही अनुभव नसताना किर्गिझस्तानातील सोन-कुल सरोवराची तीन दिवसांची घोड्यावरची वाट जमेल का, ही पहिली; आणि घोड्यावर बसून जाणे म्हणजे ट्रेक नव्हेच, हे आपल्या मित्रांचे म्हणणे खरे आहे का, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते : बेताच्या वजनाचा, कंबर आणि गुडघे धड असलेला माणूस घोड्याच्या साध्या चालीने नक्की जाऊ शकतो. दुसऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या मित्रांचे वाक्य मी आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून ऐकत आले आहे. ते सह्याद्रीतले जुने गिर्यारोहक. "वहिनी, तट्टावर बसून डोंगर चढायचा म्हणजे पालखीत बसून वारी केल्यासारखं झालं," असे ते एका साखरपुड्यात भरल्या पंगतीत म्हणाले आणि पंगत हसली.

मी पशुवैद्य आहे. माझी नोकरी बरीचशी माण-फलटण भागात झाली. तिथले धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, तेव्हा त्यांचे सगळे बिऱ्हाड, कोकरे, कोंबड्या आणि प्रसंगी तान्हे मूलसुद्धा घोड्याच्या पाठीवर असते. त्यामुळे ओझ्याने सोललेल्या पाठी मी पुष्कळ पाहिल्या आणि धुतल्या आहेत. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

माझी भाची किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला, एमबीबीएस करत होती (महाराष्ट्रातली पुष्कळ मुले तिथे शिकायला असतात), तिला भेटायला मी जुलैत गेले आणि आम्ही दोघींनी ही वाट धरली. बिश्केक सुमारे 800 मीटरवर आहे, तिथून मोटारीने कोचकोर आणि पुढे किझार्ट गाव, गावातून घोडे. पहिला मुक्काम किलेम्चेच्या जायलूवर, म्हणजे उन्हाळी कुरणावर, दुसऱ्या दिवशी 3,300 मीटरहून उंच असलेली जाल्गिझ-करागाय खिंड ओलांडून सरोवर, आणि तिसऱ्या दिवशी तुझ-अशू खिंडीने परत किझार्ट, असा हा नेहमीचा मार्ग आहे. सोन-कुल 3,016 मीटरवर आहे. भोवती एक झाड नाही, नुसते गवत आणि त्यात मेंढपाळांचे नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, गोल तंबू.

किझार्टला आमच्यासमोर खोगीर चढवलेले घोडे तयार उभे होते. माझ्या वाट्याला आलेला घोडा दिसायला उमदा होता, पण मी जवळ जाताच त्याने कान मागे टाकले, आणि तंगाला, म्हणजे खोगीर आवळण्याच्या पोटाखालच्या पट्ट्याला, हात लावल्यावर पाठ एकदम खाली दाबली. मी मालकाला खोगीर उतरवायला सांगितले. तो म्हणाला की उशीर होतो आहे. भाचीने तिच्या मोडक्या रशियनमध्ये दुसऱ्यांदा सांगितले, तेव्हा त्याने कुरकुरत तंग सोडला. खालचा नमदा मी स्वतः उचलला. मानेच्या बुडाशी, जिथे खांद्याचा उंचवटा असतो तिथे, रुपयाएवढ्या जागेवरचे केस गोळा होऊन चिकटले होते, भोवतालचा भाग सुजलेला होता आणि तळहात ठेवला तर बाकीच्या अंगापेक्षा स्पष्ट गरम लागत होता. मालकाचे म्हणणे, जुनी जखम आहे, चालते. जुनी जखम गरम नसते. मी या घोड्यावर बसणार नाही, एवढे एकच वाक्य भाचीला भाषांतर करायला दिले आणि चालू लागले.

पहिल्या दिवसाची अर्धी वाट मी त्यामुळे पायीच चालले, हे आमच्या दिरांना मी मुद्दाम सांगितलेले नाही. आता इथे वाचतील. मालक बराच वेळ मागे राहिला, मग वरच्या कळपातून एक तांबूस-करडा, खच्ची केलेला, आखूड पायांचा घोडा घेऊन आला. या वेळी त्याने न सांगता नमदा उचलून दाखवला, पाठीवरून दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. पाठ स्वच्छ होती. त्यानंतर परतेपर्यंत आमचे एकदाही वाजले नाही, आणि संध्याकाळी घाम सुकेपर्यंत घोडे बांधून ठेवायचे, मगच चरायला सोडायचे, हा नेम तो इतक्या कडकपणे पाळत होता की मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. एका चुकीवरून माणसाला मोडीत काढू नये. पण ती चूक चालवूनही घेऊ नये.

आता दिरांचा मुद्दा. घोडा चढतो आणि आपण नुसते बसतो, ही कल्पना घोड्यावर फक्त माथेरानला बसलेल्या माणसाची असते. चढावर अंग पुढे झुकवून, रिकिबीत थोडे उभे राहून, आयाळ धरून घोड्याच्या कमरेवरचा भार हलका करावा लागतो. उतारावर टाच खाली दाबून अंग किंचित मागे न्यावे लागते. आणि घसरड्या, दगडगोट्यांच्या उतारावर मुकाट्याने खाली उतरून लगाम हातात घेऊन चालावे लागते. जो उतरत नाही तो स्वार नव्हे, ओझे आहे. मांडीच्या आतले जे स्नायू दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकतात, त्यांची दखल हरिश्चंद्रगडावर कधी घ्यावी लागत नाही. आणि ज्या मावळ्यांच्या नावाने आमचे दीर गडावर घोषणा देतात, त्यांच्या फौजेचा दरारा भीमथडीच्या तट्टांच्या पाठीवरून देशभर गेला, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडतो.

शिवाय उंचीला आपण चालत आलो की बसून आलो, याच्याशी देणेघेणे नसते. उलट घोड्यामुळे माणूस दमत नाही, म्हणून तो शरीराला सवय होण्याआधीच वर पोहोचतो, आणि रात्री डोके धरून बसतो. 3,000 मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरहून अधिक वाढवू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. पण बिश्केकहून निघून एकाच दिवसात थेट सरोवरावर झोपायला नेणाऱ्या सहली सर्रास विकल्या जातात. त्या घेऊ नका. कोचकोरला एक रात्र, किलेम्चेला एक रात्र आणि मगच सरोवर, एवढा क्रम पाळला तरी बहुतेकांना त्रास होत नाही.

खिंडीवर आम्हाला गारा लागल्या. जुलैत तिथे हे नवलाचे नाही. घोड्याने आपण होऊन वाऱ्याकडे पाठ केली आणि थांबला. मालकाने हातानेच खूण केली की राहू द्या. खाली उतरताना ओल्या कुरणात दलदल लागते, तिथेही लगाम सैल सोडून दिला तर तो मान खाली घालून हुंगत, एक खूर टेकवून पाहत स्वतः वाट काढतो. नवख्याने शिकण्याची मोठी गोष्ट हीच आहे. लगाम एका हातात धरायचा, मानेवर टेकवून वळवायचे, पुढे नेण्यासाठी "चू" म्हणायचे, आणि उरलेल्या वेळी त्याच्या कामात लुडबूड करायची नाही.

सरोवरावर मी पाहिलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिंगरे दिवसभर जमिनीलगत ताणलेल्या एका लांब दोरीला ओळीने बांधलेली असतात, म्हणजे घोड्या दूर जात नाहीत. घोडीची कास लहान, त्यात दूध फार मावत नाही, म्हणून तिला दिवसातून पाच-सहा वेळा पिळावे लागते. आधी शिंगराला लावून पान्हा सोडवायचा, मग एक गुडघा टेकून, दुसऱ्या गुडघ्यावर बादली ठेवून बाई धार काढते. ते दूध आंबवून कुमुस करतात. भाचीला एक घोटही गेला नाही. मी वाडगा संपवला; आंबट ताकात थोडा धूर मिसळावा तशी चव असते.

व्यवहाराचे थोडे. भारतीयांना व्हिसा लागतो, तो ऑनलाइन मिळतो. कोचकोरच्या पुढे एटीएम धरू नये, रोख सोम जवळ ठेवावेत. दरांचे आकडे देत नाही, ते दर हंगामाला बदलतात. कोचकोरला गावकऱ्यांची सीबीटी (समुदाय-आधारित पर्यटन) संस्था आहे, तिथे विचारावे. हंगाम जून ते सप्टेंबरचा पूर्वार्ध. शाकाहारी असाल तर पाव, साय, जॅम आणि बोरसोकवर (कणकेच्या तळलेल्या तुकड्यांवर) भागते, पण शेंगदाण्याची चटणी सोबत असावी. टाच असलेले, रिकिबीत न अडकणारे बूट घ्यावेत. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तंग पुन्हा तपासायला सांगावे, कारण खोगीर चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात.

आणि पाठ तपासा, मालकाला राग आला तरी तपासा. केदारनाथच्या वाटेवर 2022 च्या यात्रेत घोडी-खेचरे मोठ्या संख्येने दगावली. त्यांच्यावर बसलेल्यांपैकी कितीजणांनी खोगिराखाली पाहिले असेल? दिरांना पालखीची उपमा सुचली, पण पालखीचे भोई खांदा सोलला तर तसे बोलून दाखवू शकतात.

सुरुवातीला "नक्की जाऊ शकतो" असे लिहिले, त्याला काही पुरवण्या आहेत. हे घोडे साधारण साडेतीनशे ते चारशे किलोंचे असतात, आणि खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे असा ढोबळ नियम आहे. म्हणजे खोगीर धरून सत्तर-ऐंशी किलोंच्या पुढे जात असाल तर आधी वजन कळवून मोठा घोडा मागा, नाहीतर पायी जा, तीच वाट पायीही होते. मणक्याचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा किंवा गरोदरपण असेल तर जाऊ नये. हेल्मेट तिथे मिळेलच असे नाही, ते इथून न्यावे. प्रवास विमा काढताना घोडेस्वारी आणि 3,000 मीटरवरची उंची वगळलेली तर नाही ना, हे अटींच्या बारीक अक्षरांत शोधावे. पुष्कळदा वगळलेली असते.