अंतिम फेरीत पार्टनर शेवटपर्यंत आडवा आला, तर ऑफरची आशा सोडावी का?

कन्सल्टिंग फर्मच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याबद्दल सल्ला देणाऱ्या फर्मच्या, अंतिम इंटरव्ह्यूबद्दल तुम्ही विचारलंय: पहिला पार्टनर (फर्मचा वरिष्ठ भागीदार) हसतखेळत बोलला, दुसरा प्रत्येक आकड्याला आडवा आला, निघताना धड निरोपही दिला नाही, आणि चार दिवस झाले तरी फोन नाही. तुम्ही दोघांच्या चेहऱ्यांचं एवढं बारकाईने वर्णन केलंय, पण केसमध्ये, म्हणजे इंटरव्ह्यूत सोडवायला दिलेल्या धंद्याच्या प्रश्नात, तुमचं उत्तर काय होतं याबद्दल एक ओळही नाही. शक्यता किती टक्के, हे बाहेरून कुणीच सांगू शकत नाही. पण आडवा येणारा पार्टनर म्हणजे नकार, हे मला साफ नामंजूर आहे. माझा थोरला भाऊ आजवर हेच म्हणत आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या अंतिम फेरीतली केस एका हॉटेलसाखळीची होती. खोल्या पूर्वीपेक्षा जास्त भरत होत्या आणि नफा घटत होता. तक्ता पाहिल्यावर मला कारण बुकिंगच्या वेबसाइट्समध्ये दिसलं. पूर्वी १०० पैकी ६० खोल्या भरायच्या आणि हातात दर खोलीमागे १०० पडायचे, म्हणजे ६,०००. आता ७० भरत होत्या, पण कमिशन आणि सवलत वजा जाता ८० उरत होते, म्हणजे ५,६००. शिवाय दहा जादा खोल्यांची साफसफाई, धुलाई, वीज वेगळीच. मी हे मांडलं आणि पार्टनर म्हणाले, "मी हॉटेलांची बरीच कामं केलीत. नफा पगार खातात."

मी म्हटलं, इथे पगाराचा आकडा जवळपास जिथल्या तिथे आहे, त्यामुळे ही घट पगारातून आलेली नाही. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, आवाज जरा चढवून. मी पुन्हा तक्त्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी मोर्चा वळवला: "ठीक, मग वेबसाइट्स बंद करून टाकू?" मी म्हटलं, नको, खोल्या परत रिकाम्या पडतील. ज्या रात्री हॉटेल एरवीही भरतं त्या रात्रींपुरत्या तिथल्या खोल्या कमी करा, आणि एकदा येऊन गेलेला पाहुणा पुढच्या वेळी थेट बुकिंग करेल असं काही द्या. त्यांनी वही मिटली आणि मला काही विचारायचंय का ते विचारलं. ना शाबासकी, ना स्मित.

दादाने सगळं ऐकून निकाल दिला: "वयाने, मानाने मोठ्या माणसाला तोंडावर खोडलंस. संपलं." ऑफर आली. तेव्हा म्हणाला, नशीब. अजूनही तो नशीबच म्हणतो, वाद घातलास तरी घेतलं म्हणतो. मला वाद घातला म्हणूनच घेतलं, आणि हे मी आता ठामपणे सांगू शकते, कारण पुढे काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून इंटरव्ह्यू घेतले.

तिथून चित्र वेगळं दिसतं. उमेदवार जमणार नाही हे लवकर कळलं तर मी सौम्य व्हायचे. सोपे प्रश्न, थोड्या गप्पा. त्या माणसाने अपमान घेऊन घरी जाऊ नये एवढीच इच्छा असायची. ताणून पाहायचे ते जिच्याबद्दल आशा होती तिला. क्लायंटचा वित्तप्रमुख तिच्या आकड्यावर तुटून पडेल तेव्हा ती टिकेल का, हे दुसरं कसं कळणार?

फेरी संपल्यावर सगळे एकत्र बसतात, आपापले शेरे मांडतात. आमच्याकडे जो उमेदवार सगळ्यांना "बरा" वाटला तो बहुधा मागे पडायचा, कारण त्याच्यासाठी भांडायला कुणीच उभं राहायचं नाही. एकाला शंका आणि दुसऱ्याचा ठाम होकार, अशी माणसं आत यायची. म्हणून हसरा पार्टनर धरून बसू नका. तुमच्या उत्तरातली एखादी गोष्ट त्या खोलीत कुणी दुसऱ्यांना सांगेल का, एवढाच विचार करा.

समोरच्याचं मन ओळखण्यात आपण कमी पडतो हे संशोधनातही दिसलंय. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अनोळखी माणसांच्या संभाषणांवर अभ्यास प्रसिद्ध केला: आपण समोरच्याला जितके आवडलो असं वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो. त्यात केसची पद्धतही दिशाभूल करते. मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये सहसा इंटरव्ह्यू घेणाराच केस पुढे नेतो, तेव्हा त्याने तुम्हाला तोडून पुढचा प्रश्न टाकला तर तो वैतागलेला नसतो. बीसीजी, बेन या दुसऱ्या फर्ममध्ये बहुतेकदा तुम्हीच केस चालवायची असते, तिथे त्याचं गप्प बसणंही नाराजी नव्हे.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूने सांगायलाच हवी. पार्टनर "हा गुणाकार पुन्हा बघा" म्हणत असेल, किंवा नवी माहिती पुढे ठेवत असेल, तर तो मदत करतोय. तिथे हट्ट धरला तर ती ताठरता ठरते आणि तेवढ्यावर नकार मिळतो. माझे पार्टनर नवं काहीच देत नव्हते, फक्त मत रेटत होते. तुमचा दुसरा पार्टनर यातलं काय करत होता, हे तुम्हालाच आठवायचंय. मोठेपणाला मान द्यायचा म्हणून बरोबर आकडा सोडायचा, हे मात्र मला कधीच पटणार नाही, दादा.

चार दिवसांच्या शांततेतून काही काढू नका. इतर उमेदवारांच्या फेऱ्या उरलेल्या असतात, जागा किती यावर खल चालतो, कधी आधी ऑफर दिलेल्याचं उत्तर यायचं असतं. कळवायची तारीख दिली असेल आणि ती उलटली असेल, तर भरतीच्या माणसाला दोन ओळींची मेल करा, पार्टनरला नको. दुसरी ऑफर हातात असून तिची मुदत जवळ आली असेल तर स्पष्ट लिहा, त्याने निर्णय बऱ्याचदा लवकर होतो. आणि केस आजच कागदावर उतरवा: आकडे, तुमचं उत्तर, तो कुठे आडवा आला. नकार आलाच तर फोनवर अभिप्राय मागा, बऱ्याच फर्म अंतिम फेरीनंतर तो देतात. तेव्हा "कुठे कमी पडलो" असं मोघम न विचारता त्या कागदावरची नेमकी जागा विचारा.