पोरगीला मोठ्या विमानावर काम करायचंय

बेळगावजवळच्या मुतग्याहून एका वडिलांनी लिहिलंय, मुलगी सेकंड पीयूसी म्हणजे बारावी सायन्सला आहे, सांबऱ्याच्या विमानतळावर मिलिटरीचं मोठं विमान उतरताना आवाज आला की पुस्तक टाकून गच्चीवर पळते, म्हणते मालवाहू विमानावरच काम करणार. पायलट नाही झाली तर काय, आणि ट्रेनिंग इथंच घराजवळ होईल ना, असं विचारलंय.

दादा, दुसरं आधी सांगतो. सांबऱ्याचं हवाई दलाचं एअरमेन ट्रेनिंग स्कूल आपल्या शेजारी आहे आणि महिला अग्निवीरवायूंची, म्हणजे हवाई दलाच्या चार वर्षांच्या भरतीतल्या पोरींची, पहिली बॅच २०२३ ला तिथूनच बाहेर पडली हे खरं, पण भरती अख्ख्या देशाची एकच असते, मुतग्याची पोरगी म्हणून कोण गेट उघडणार नाही. आणि तिथं शिकवतात ते बेसिक. पुढं मालवाहू विमानांतलं सी-१७ दिल्लीजवळ हिंडनला, सी-२९५ वडोदऱ्याला, म्हणजे घर सुटलंच म्हणून समजा.

आता पायलट सोडून काय? सी-१७ एवढं धूड, ७० टनांच्या वर माल नेतं, पण क्रू तिघांचाच, दोन पायलट आणि एक लोडमास्टर. लोडमास्टरचं काम तुम्हाला लगेच कळेल. उसाची गाडी मागं जास्त भरली की उलाळ होते, बैल उचलल्यागत होतात, तसंच विमानाचं. मालाचा कुठला नग कुठं ठेवायचा, वजनाचा मध्य कुठं येतो, साखळ्या किती आवळायच्या, हा सगळा हिशोब त्याचा. मात्र या कामाला बाहेरून थेट भरती नाही, आधी हवाई दलात शिरायचं, अनुभव घ्यायचा, मग निवड.

मेंटेनन्स म्हणाल तर मला तीच बाजू जास्त आवडते. तिथं एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, आणि केलेल्या प्रत्येक कामाखाली नावानिशी सही. माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड टेक्निशियन आहेत, लग्नात वाढपी झाले तरी पंगत उठल्यावर पळ्या मोजतात!! पोरगीला असली किटकिट जमते का ते बघा, नुसतं विमान आवडून भागत नाही.

अग्निवीरवायूला सायन्समधनं जायचं तर बारावीला फिजिक्स, मॅथ्स, इंग्लिश लागतं, एकूण ५० टक्के आणि इंग्लिशमध्ये वेगळे ५०. आपली मराठी मीडियमची पोरं इथंच अडकतात, फिजिक्सला नाही, म्हणून आत्तापासून रोज इंग्लिशची दोन पानं मोठ्यानं वाचायला लावा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, बाकीचे घरी, हे तिला स्पष्ट सांगा. मार्क चांगले असतील तर माझं मत इंजिनिअरिंग करून एएफकॅट, म्हणजे हवाई दलाच्या ऑफिसरची परीक्षा, द्यावी, टेक्निकल ऑफिसर होता येतं, त्यांचं शिक्षण बेंगळुरात जालहळ्ळीला असतं. नाहीच जमलं तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात की, तेही याच लाइनीतलं काम.

आणि एक, मार्क्सकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. आपल्याकडं कन्नडमधनं इंग्लिश करताना पाटीलचं काहीही होतं, आणि ते निघतं नेमकं कागद तपासायच्या दिवशी.