पांगारा तोडण्याआधी एक गाठ कापून पाहा

प्रश्न : ताई, मी यंत्रमागावर आयुष्य काढलं, आता घरीच असतो. घरामागं पांगारा आहे. मामांच्या पानमळ्यातली फांदी आणून वडिलांनी रोवली होती. दोन वर्षं झाली, कोवळी पानं मुरडतात, देठ-शेंडे सुजून गाठाळतात आणि गळतात. यंदा फुलंही जेमतेम आली. शेजारी म्हणतात, तोडून टाका. फवारणीवालाही भाव सांगून गेलाय. काय करू?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : दादा, कुऱ्हाड लावू नका. एक ताजी, हिरवी गाठ ब्लेडनं उभी चिरा. आत बारक्या पोकळ्या आणि त्यांत पांढुरक्या अळ्या दिसल्या, तर ही गाठमाशी. शास्त्रीय नाव क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी. गांधीलमाशीची दूरची नातलग, पण जेमतेम दीड मिलिमीटरची. मादी कोवळ्या पानात, देठात अंडी घालते, अळीभोवती झाड सुजतं, आणि साधारण वीस दिवसांत नवी पिढी बाहेर पडते.

म्हणूनच वरून फवारलेलं औषध गाठीतल्या अळीपर्यंत पोचत नाही. मुळातून किंवा खोडातून दिलेलं पोचतं, पण पांगारा मधाचं झाड आहे. माघ-फाल्गुनात भोरड्यांचे थवे त्याच्या फुलांवर तुटून पडतात, मधमाश्या असतात. त्यांच्या तोंडी विष जाईल असं मी तुम्हाला सुचवणार नाही.

छाटणीचं मात्र नीट ऐका, कारण इथं मी स्वतः चुकले. माझ्या झाडाच्या फांद्या मी पहिल्या पावसात सरसकट छाटल्या. झाडाला भराभर कोवळे धुमारे फुटले आणि माशीला तेच हवं होतं. महिन्याभरात आधीपेक्षा जास्त गाठी. तेव्हा हाताला येतील तेवढेच गाठाळलेले शेंडे काढा, जाड काळ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि दोन-तीन आठवडे गच्चीवर उन्हात ठेवा. उकिरड्यावर टाकू नका. आणि कोणी कुंपणाला, पानमळ्याला फांदी मागितली तर यंदा देऊ नका, माशी अशा फांद्यांबरोबरच नव्या जागी जाते. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा बुडाशी भरपूर पाणी द्या, पाल्याचं आच्छादन करा. ताण पडलेलं झाड लवकर हरतं.

झाड मरतं का? मरतं, वारंवार पानं गेली तर. हवाई बेटांवर ही माशी 2005 मध्ये सापडली आणि काही महिन्यांतच सगळ्या मोठ्या बेटांवर पोचली. तिथल्या कोरड्या रानातला मूळचा पांगारा, विलीविली, माना टाकू लागला. शोभेला लावलेले आपल्या जातीचे पांगारे तर हजारोंनी वाळले. लोकांनी विलीविलीचं बी गोळा करून जपून ठेवलं. मग शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत शोध घेऊन टांझानियातून या माशीचा शत्रू आणला, युरिटोमा एरिथ्रिनी. त्याची अळी गाठीतच वाढते आणि माशीच्या अळ्या खाते. इतर कीटकांना तो धक्का लावत नाही ना, हे बंदिस्त ठेवून तपासलं आणि 2008 च्या अखेरीस तो सोडला. विलीविलीला पुन्हा पालवी धरली, फुलांना-शेंगांना मात्र माशीचा त्रास राहिला. असा कीटक आणणं हे सरकारी संशोधन संस्थांचं काम, तुमच्या-माझ्या हातचं नाही.

चिरलेल्या गाठीत अळ्या नसतील, तर आणखी चार-पाच गाठी चिरून पाहा. तरीही काही दिसलं नाही तर शेंड्याचा आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा. मग वेगळा विचार करू.