‘नादारी मिळाली’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

एका वाचकाच्या पत्रातून प्रश्न असा आला आहे: आजोबांच्या जुन्या वहीत एक वाक्य सापडलं, ‘इंग्रजी तिसरीत नादारी मिळाली, वडिलांचा जीव भांड्यात पडला.’ नादारी म्हणजे गरिबी. मग गरिबी मिळाल्यावर कुणाचा जीव भांड्यात कसा पडेल? आजोबांनी शब्द चुकीचा वापरला का? आणि हल्ली बँकांच्या बातम्यांत ‘नादारी संहिता’ वाचायला मिळते, ती नादारी हीच का?

आजोबांचं वाक्य बिनचूक आहे. शब्द फारसीतून आलेला. ‘दार’ म्हणजे बाळगणारा, जवळ असलेला. जमीनदार, दुकानदार, मालदार यांतला तो ‘दार’. त्याला ‘ना’ लागला की ज्याच्याजवळ काहीच नाही तो नादार. म्हणजे मालदारच्या नेमका उलटा. (पुष्कळांना नादार आणि नादान हे सख्खे भाऊ वाटतात. तसं नाही. नादानमधला ‘दान’ जाणण्याचा आहे. नादान माणूस अजाण असतो. त्याच्याकडे पैसा भरपूर असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोही.) नादारवरून नादारी, स्त्रीलिंगी.

आता ‘मिळाली’ कशी? शाळेत फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाने नादारीबद्दल फीमाफीचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की ‘नादारीची सवलत मिळाली’. बोलता बोलता सवलत गळाली आणि नादारीच फीमाफी होऊन बसली. शाळेच्या व्याकरणात लक्षणा शिकवताना ‘बाबा ताटावर बसले’ हे उदाहरण असे. ताटावर कुणी बसत नाही, पण ऐकणाऱ्याचा गोंधळही होत नाही. ‘नादारी मिळाली’चं तसंच. म्हणून अर्धी नादारी आणि पूर्ण नादारी असंही बोललं जाई. अर्धी गरिबी म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, कारण अर्धी फी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ही नादारी मुख्यतः माध्यमिक शाळेच्या, त्या काळच्या इंग्रजी इयत्तांच्या जगातली. जागा मोजक्या असत, अर्ज हेडमास्तरांकडे जाई, आणि मुलगा गरीब आहे एवढं पुरत नसे. तो हुशार हवा, निदान पास होत असायला हवा, वागणूक बरी हवी. म्हणजे ती मिळण्यात दुसऱ्याच्या मर्जीचा भाग बराच होता. त्यामुळे आजोबांच्या वाक्यातल्या ‘मिळाली’ला एक वजन आहे. वार लावून जेवणाऱ्या, मधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांच्या आठवणींत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो तो याच कारणाने.

जिथे शिक्षण सरसकट फुकट झालं तिथे मात्र या शब्दाला जागा नव्हती. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तसाच निर्णय घेतला. तिथे रूढ झाली ती जोडी ‘सक्तीचे व मोफत’. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्याच दिशेचं विधेयक १९११ मध्ये आणलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. सगळ्यांनाच फी नसेल तर नादार कोण आणि कोण नाही हे विचारायचं कारण उरत नाही. फी आहे, पण काहींना माफ आहे, अशा व्यवस्थेतच ‘नादारी मिळते’.

कोर्टातली नादारी वेगळी. कर्ज फेडणं अशक्य झालेल्या माणसाने कोर्टाकडे केलेला अर्ज तोही नादारीचाच. एकच शब्द असला तरी सोबतचं क्रियापद पाहिलं की अर्थ लगेच कळतो. नादारी आली म्हणजे गरिबी आली. नादारी मिळाली म्हणजे फी माफ झाली. नादारी जाहीर केली म्हणजे देणेकऱ्याने हात वर केले. यातला पहिला अर्थ आता जवळजवळ कुणी वापरत नाही, दुसरा आठवणींपुरता उरला आहे, आणि तिसरा २०१६ च्या केंद्रीय कायद्याने पुन्हा चलनात आला. मराठी वृत्तपत्रं त्याला ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात. तेव्हा हो, शब्द तोच आहे. फक्त पूर्वी तो शाळेच्या फीपायी अडलेल्या पोराला लागे, आता हजारो कोटी थकवलेल्या कंपनीला लागतो. तिथेही बँका देण्यातला मोठा हिस्सा सोडतात. त्याला मात्र नादारी मिळाली असं म्हणत नाहीत, ‘हेअरकट’ म्हणतात.

मग शाळा-कॉलेजातली नादारी गेली कुठे? तिची जागा ‘ईबीसी’ने घेतली. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना, जात कोणतीही असो, फीमाफी देण्याचं धोरण आलं. ईबीसी म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग. धोरण म्हणून हा बदल मोठा होता. हेडमास्तरांच्या पारखण्याऐवजी एक आकडा आला. महिन्याला शंभर रुपयांच्या आत कमाई असेल तर हक्काने अर्ज करा. खेड्यापाड्यांतली कितीतरी घरं या सवलतीवर पहिल्यांदा कॉलेजपर्यंत पोचली. पण गंमत बघा, भाषेने इथेही तेच केलं. ‘माझी ईबीसी मंजूर झाली’, ‘ईबीसीचा फॉर्म भरलास का?’ वर्गाचं नाव होतं, ते सवलतीचं झालं.

ही सवय अजून सुटलेली नाही. ‘त्यांना बीपीएल मिळालं, आम्हाला नाही मिळालं’ हे वाक्य कुठल्याही ग्रामपंचायतीत ऐका. दारिद्र्यरेषेखाली असणं ‘मिळालं’ याचा आनंद, आणि न मिळाल्याचा राग! ‘तहसीलमधून नॉन-क्रिमीलेअर काढून आणलं’, ‘ईडब्ल्यूएस काढायचंय’. काढतात ते प्रमाणपत्र, पण बोलण्यात अख्खा वर्गच काढला जातो. मला हे भाषेचं बिघडणं वाटत नाही. ज्याला कागद आणायला रांगेत उभं राहायचं आहे त्याच्या दृष्टीने वर्ग, दाखला आणि सवलत ही एकच वस्तू आहे. तिन्हींना वेगळी नावं ठेवण्याची गरज फक्त शासननिर्णय लिहिणाऱ्याला पडते.

मात्र एका ठिकाणी ही गळती मला खुपते, ती ‘आरटीई’त. २००९ च्या कायद्याचं मराठी नावच ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम’ असं आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्यातल्या एका कलमात खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात असं म्हटलं आहे. आता ‘आरटीईत नंबर लागला का?’ म्हणजे त्या २५ टक्क्यांच्या सोडतीत नाव आलं का, एवढंच. वर्गात ‘ती आरटीईची मुलं’ असंही ऐकू येतं. जणू बाकीची मुलं कायद्याबाहेरून आली आहेत! सगळ्यांच्या हक्काचं नाव काहींच्या सवलतीला चिकटलं. नादारीचा प्रवास याच्या उलट होता. तिथे शब्द मुळात काहींपुरता होता आणि काहींपुरताच राहिला.

फ्रीशिप आणि शिष्यवृत्ती एकच का, असंही त्याच पत्रात विचारलं आहे. नाही. शिष्यवृत्तीतली ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचं साधन. त्यात शिकणाऱ्याच्या हाती काही तरी पडायला हवं. फ्रीशिपमध्ये हाती काही पडत नाही, फी द्यावी लागत नाही एवढंच. म्हणून जुनी नादारी ही फ्रीशिप होती, शिष्यवृत्ती नव्हती. आजच्या सरकारी वापरात मात्र या शब्दाने कोलांटी मारली आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर त्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आणि त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. म्हणजे नादारीचा हा इंग्रजी जोडीदार इथे तुलनेने बऱ्या स्थितीतल्या मुलाकडे जातो. उलट ईबीसीची वारसदार असलेली योजना निव्वळ शुल्काची असून नावाने ‘राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती’ आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पालक या सगळ्यालाच ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, आणि फी परत येईपर्यंत वाट पाहतात.

‘सवलत’बद्दल थोडक्यात: अरबी ‘सुहूलत’, म्हणजे सोपेपणा, सुलभता. हिंदी-उर्दूतली ‘सहूलियत’ त्याच घरातली. मराठीत सवलतीला सूट, माफी हे अर्थ चिकटले, मूळ शब्दात त्यांचा पत्ता नाही.

आजोबांची वही छापणार असाल तर ‘नादारी’ तशीच ठेवा आणि खाली एका ओळीत ‘फीमाफी’ एवढी टीप द्या. कंसात गरिबी असं लिहू नका, वाक्याचा विचका होईल. कथा-कादंबरीसाठी शब्द हवा असेल तर स्वातंत्र्यापूर्वीच्या मुलाच्या तोंडी नादारी शोभेल, सत्तरच्या दशकातल्या मुलाच्या तोंडी ईबीसी. आजच्या मुलाच्या तोंडी नादारी घातलीत तर वाचकाला वाटेल, बापाची कंपनी बुडाली.